हॅवलिकची दहाची नोट

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा पुसून टाकलं. तिसऱ्यांदा बसलोय.

बाबीने प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर उघडलं आणि मधल्या पानांतून ती नोट काढली. ईस्टरचं रंगवलेलं अंडं उचलावं तशी, दोन बोटांनी.

"बघ रे डेल, ही तुझ्या कामाची आहे का?"

रविवारची दुपार होती. वृद्धाश्रमातल्या त्या खोलीत हीटर इतका चढवलेला असतो की मार्चमध्येही घाम फुटतो. मायलो पलंगाच्या कडेला बसून, आजीसाठी आणलेले कोलाच, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, स्वतःच खात होता. मायलो झाबका म्हणजे माझा बालवाडीपासूनचा मित्र. बाबी ही त्याची आजी, अल्बिना. वय शहाण्णव. अख्खं गाव तिला बाबीच म्हणतं, मीही.

नोट माझ्या हातात यायच्या आधीच मी ती ओळखली होती.

मी गावातल्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, कामाला आहे, मक्याचे ट्रक काट्यावर घेतो. पण जुन्या नोटांचं वेड मला चौदाव्या वर्षापासून आहे. कोणी शिकवलं नाही. इंटरनेट, आणि लायब्ररीने रद्दीत काढलेले दोन कॅटलॉग, एवढ्यावर शिकलो. गावात कुणाला माळ्यावर नाणं सापडलं की फोन मला येतो. मायलो मला प्रोफेसर म्हणतो. कॉलेज मी दुसऱ्या सहामाहीत सोडलं, म्हणून मुद्दाम.

शंभर वर्षांपूर्वी आमच्याकडे लहान लहान गावांतल्या बँकासुद्धा स्वतःच्या नावाची नोट काढायच्या. वॉशिंग्टनहून छापील ताव यायचे, बँकेचा कॅशियर त्यावर शाईने सही करायचा, कापायचा, आणि नोट बाजारात. त्या काळी कॅशियर म्हणजे बँक चालवणारा माणूस. आज अशा नोटेची किंमत तिच्यावरच्या आकड्यावर ठरत नाही. त्या गावाच्या किती नोटा जगात उरल्यात, यावर ठरते. पन्नास उरल्या असतील तर शंभरेक डॉलर. एकच असेल, तर मागाल ते. हौशी लोक याद्या ठेवतात, कुठली नोट कुणाकडे आहे याच्या. आमच्या हॅवलिक गावापुढे त्या यादीत वर्षानुवर्षं शून्य होतं.

गेल्या हिवाळ्यात मी एका शेतावरच्या लिलावात पंधरा डॉलरला जुनं शिवणयंत्र घेतलं. त्याच्या खणात, रिळांच्या खाली, दहाची नोट. फर्स्ट नॅशनल बँक ऑफ हॅवलिक, नेब्रास्का. डावीकडे जांभळट शाईत सही : एमिल कौटनी, कॅशियर.

ती मी शिकागोच्या एका लिलाववाल्यांकडे पाठवली. त्यांनी कॅटलॉगमध्ये तिला पूर्ण पान दिलं. अंदाज, चौदा हजार डॉलर. खाली छापलं होतं, 'हॅवलिकची माहीत असलेली एकमेव नोट. शोध : डेल रेझॅक.' लिलाव मार्चअखेर होता.

खरं सांगतो, चौदा हजार मी दोन-तीनदा वाचलं असेल. 'शोध : डेल रेझॅक' किती वेळा वाचलं ते मोजलं नाही.

आणि आता बाबीच्या पुस्तकातून दुसरी निघाली होती. माझ्यापेक्षा चांगली. घडी नाही, डाग नाही, शाई तर कालची वाटावी.

"सही वाचता येते?" बाबीने विचारलं.

"येते. एमिल कौटनी."

"माझा बाप तो."

हे मला माहीत होतं. गावात कुणाला माहीत नाही? बत्तीस साली बँक बुडाली. अध्यक्ष त्याच्या आधीच्या हिवाळ्यात वारला होता, त्यामुळे बोट दाखवायला कॅशियर तेवढा उरला. खटला झाला नाही, काही सिद्ध झालं नाही. कौटनीने पैसे खाल्ले, असं गावाने आपलं ठरवून टाकलं. तो गाव सोडून गेलाही नाही. वीस वर्षं चर्च झाडलं त्याने.

"शाळेत पोरं माझ्या मांडीवर कॉटनवूडच्या झाडाची पानं टाकायची," बाबी म्हणाली. "घे, तुझ्या बापाच्या नोटा. आणि तो... त्यानंतर त्याने कधी सही केली नाही रे. माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा नाही. आईच करायची. एवढी एक नोट आईने पिठाच्या डब्याखाली लपवून ठेवलेली."

मायलोने बोटं चाटली. "बाबी, मुद्द्यावर ये. प्रोफेसर तासावर पैसे घेतो."

"तू गप बस, माझे कोलाच खाल्लेस ते खाल्लेस." मग ती माझ्याकडे वळली. "मला विकायची नाहीये. फक्त सांग. माझ्या बापाच्या सहीला आज काय किंमत आहे?"

मी खिशातलं भिंग काढलं. गरज नव्हती. भिंग डोळ्याला लावलं की समोरच्याकडे बघावं लागत नाही, एवढंच.

दुसरी नोट आहे असं कळलं की माझी 'एकमेव' राहत नाही. किंमत अर्ध्यावर येते, पान अर्धं होतं, आणि शोध लावणारा कोण, तर कुणी नाही. बँकेच्या कॅशियरच्या मुलीकडे नोट होतीच की. तीन आठवडे, मी स्वतःशी म्हणालो. लिलाव होऊ दे. मग सांगू. तिची नोट कुठे पळून चालली आहे?

"दहा डॉलर तर आहेतच," मी म्हणालो. "कोणी हौशी भेटला तर चाळीस."

 बाबीने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.

"चाळीस," ती म्हणाली. "म्हणजे गाव म्हणत होतं तेच."

"तसं नाही बाबी." मला एकदम काहीतरी द्यावंसं वाटलं तिला. "बँक बुडाली ना, तरी नोटा बुडाल्या नाहीत. ठेवीदारांचं नुकसान झालं. पण ज्याच्या हातात ही नोट होती त्याचं काही गेलं नाही. मागे सरकारची हमी होती. आजही चालते ही. दुकानात दिली तर दहाला दहा."

"आजही?"

"आजही."

"बापाच्या सहीवर?"

"हो."

तिने मान हलवली. हिशोबाला बसलेलं माणूस हलवतं तशी.

निघताना दारात मी मायलोला म्हणालो, "फोटोबिटो टाकू नकोस कुठे. चोर-बिर लागतात मागे."

"चाळीस डॉलरसाठी?" मायलो म्हणाला, आणि हसला. मीही हसलो.

ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी मटण चालत नाही, मासा चालतो, म्हणून दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात माशांचं जेवण असतं. पाच ते सात. सायलोवरून सुटलो की मी पैसे घ्यायला बसतो, गेली सहा वर्षं. दोन टेबलं, दोन पेट्या, दोन रांगा. दुसऱ्या टेबलावर मिसेस पोल, आर्डिथ पोल. ऐंशीची आहे, आणि गावातल्या प्रत्येकाच्या पणज्याचं लफडं तिला तोंडपाठ आहे. तिच्या आजोबांचे बँकेत आठशे डॉलर गेले होते, दोन घोडे विकून ठेवलेले. ते घोडे मी पाहिलेले नाहीत, पण त्यांची नावं मला माहीत आहेत, इतक्यांदा ऐकलंय.

त्या शुक्रवारी गर्दी होती. तेलाचा वास, कोबीची कोशिंबीर, स्पीकरवर पोल्का नाचाची धून. माझी रांग जिन्यापर्यंत गेलेली.

"प्रोफेसर, सुटे द्यायलाही भिंग लागतं का तुला?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तुझी नोट खोटी दिसतेय, म्हणून वेळ लागतोय," मी म्हणालो. लोक हसले.

मान वर केली तर समोर व्हीलचेअर. बाबी. निळा कोट, जो ती फक्त लग्नाला आणि मयताला घालते. केस विंचरलेले. मागे मायलो.

"एक ताट," बाबी म्हणाली, आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून नोट काढून तिने माझ्यापुढे टेबलावर ठेवली. तळहाताने सरळ केली.

मला वाटतं माझं तोंड उघडं राहिलं असावं.

"अगं अल्बिना, हे काय?" शेजारच्या टेबलावरून मिसेस पोल वाकून बघत होती. "मुलांच्या खेळातले पैसे?"

"डेलला विचार."

पोल्का चालूच होता, पण आसपासची बडबड थांबली. रांगेतले चार-पाच जण पुढे झुकले. मिसेस पोल चष्मा नाकावर घेत उठलीच. तिने नोट उचलली, लांब धरली, जवळ आणली.

"कौटनीची आहे ही," ती म्हणाली.

"हो," बाबी म्हणाली. "डेल म्हणतो, अजून चालते. बँक बुडाली तरी ही बुडाली नाही. हो ना, डेल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबीच्या खुर्चीच्या दोन्ही मुठी मायलोने घट्ट धरल्या होत्या. तो नोटेकडे बघत नव्हता, मिसेस पोलकडेही नाही. माझ्याकडे.

तेव्हा सांगायला हवं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं : बाबी, ती परत घ्या, ती चौदा हजारांची आहे. सात-आठ शब्द. सगळं गाव समोर होतं. त्या बाईच्या बापाची किंमत मोठ्याने सांगायला यापेक्षा चांगली जागा आणि वेळ देवानेही दिली नसती.

"चालते," मी म्हणालो. "दहाला दहा."

मिसेस पोलने नोट परत टेबलावर ठेवली. "अक्षर मात्र सुंदर होतं त्याचं," ती म्हणाली. तेवढंच. पण बाबीचा चेहरा... मी तो लिहू शकत नाही. शहाण्णव वर्षांच्या बाईचा नव्हता तो.

ज्येष्ठांना ताट नऊ डॉलर. मी एक डॉलर परत दिला. बाबीने तो घडी केला आणि पुस्तकात ठेवला, नोट होती त्याच पानांत.

"मोड बरोबर दिलीस ना, डेल?" मायलोने विचारलं.

"बरोबर आहे."

"मग झालं," तो म्हणाला, आणि खुर्ची ढकलत ताटांकडे गेला.

सातला गर्दी ओसरली. मिसेस पोल कॉफीला गेली. मी पेटीतला खण उचलला, खालून नोट काढली, माझ्या खिशातली दहाची त्या जागी ठेवली. माझ्या पाकिटात नेहमी एक प्लास्टिकचा लिफाफा असतो, नोट मावेल असा. तो कधी काढला ते मला आठवत नाही. नोट आत सरकली, शर्टाच्या खिशात गेली.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. क्षणभर खरंच बरं वाटलं. जगातल्या हॅवलिकच्या दोन्ही नोटा आता माझ्या होत्या. एक शिकागोत, एक छातीवर. दुसरी आहे हे आता कोणालाही कळायचं कारण नव्हतं. ज्यांनी पाहिली त्यांच्या लेखी ती दहा डॉलरची होती, आणि एका ताटात संपली होती.

मग समोर भिंतीपाशी बाबी दिसली. ती मासा खात नव्हती. ताट पुढ्यात घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "माझ्या वडिलांकडून आहे आजचं जेवण." जुना जॉर्ज ह्रुश्का थांबला, त्याने टोपी काढली. तो मस्करी करत होता की मनापासून, मला कळलं नाही. तिला मनापासूनच वाटलं.

मी पेटी फादरांच्या हवाली केली आणि बाहेर गेलो.

अजून उजेड होता. पाण्याच्या टाकीमागे आभाळ लाल झालेलं. मायलोने बाबीला पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं होतं, ती पट्टा लावताच डोळे मिटून घोरायला लागली होती. पुस्तक मांडीवर. मायलो मागे खुर्चीची घडी घालत होता, आणि ती नेहमीप्रमाणे अडकली होती.

"धर ती बाजू," तो म्हणाला.

मी धरली. खुर्ची मिटली, आम्ही ती वर चढवली. मग मी खिशातून लिफाफा काढून त्याच्यापुढे धरला.

"ही चाळीसची नाही."

त्याने पिकअपची मागची फळी वर करून लावली.

"माझ्याकडे अशीच एक होती. ती लिलावात आहे. ही बाहेर आली असती तर माझी..." पुढचं वाक्य मी गाडीत बसून, नंतर घरी, शंभरदा नीट जुळवलं. तेव्हा जुळलं नाही. "चौदा हजार, मायलो. बाबीची कदाचित जास्त. नाही, दोन आहेत म्हटल्यावर तेवढी नाही. पण सात-आठ तरी..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रविवारी घरी गेलो आणि फोनवर हॅवलिक बँक नोट असं टाकलं. तेच पान वर आलं." तो पिकअपच्या मागच्या फळीला टेकला. "तुझं नाव होतं. मी आईला हाक मारली, अगं बघ, आपल्या डेलचं नाव छापून आलंय. आई चष्मा आणायला गेली, तेवढ्यात मी खालचं वाचलं."

लांब सायलोचा पंखा घुरघुरत होता. मला तोच ऐकू येत राहिला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. सोमवारी नाही बोललास. मंगळवारी आपण भेटलो, तू बास्केटबॉलवर बोलत बसलास. बुधवारी बाबी म्हणाली, मला शुक्रवारी घेऊन चल, बापाची नोट चालवायची आहे. मी म्हटलं, बाबी, थांब थोडी. तर म्हणते, का? डेल खोटं बोलतो का? मी काय सांगणार होतो तिला?"

"आज तरी अडवायचंस."

"दोन रांगा होत्या, डेल." आवाज चढला नव्हता त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. "आर्डिथकडे दोन माणसं होती. तुझी जिन्यापर्यंत होती. मी तिला घेऊन वीस मिनिटं तुझ्या रांगेत थांबलो."

मी लिफाफा अजून पुढेच धरून होतो. त्याने हात जॅकेटच्या खिशात घातले.

"घे ना रे."

"मला कशाला? मी कुठे विचारलं होतं तुला, किंमत काय म्हणून?"

मी काचेकडे वळलो. बाबीचं तोंड किंचित उघडं होतं. पुस्तकातून त्या एका डॉलरचा हिरवा कोपरा बाहेर आला होता. मी दाराच्या हँडलला हात लावला.

"आज नको," मायलो म्हणाला. "झोपेतून उठवशील, सांगशील, रडशील, ती तुझ्या डोक्यावरून हात फिरवेल, आणि तू मोकळा. नाही. ती आज जिंकून आलीय, झोपू दे तिला."

"मग?"

"पुढच्या शुक्रवारी. तिथेच. आर्डिथसमोर, ह्रुश्कासमोर, सगळ्यांसमोर."

"त्याआधी शिकागोला कळवावं लागेल. ते पान बदलतील."

"ते तुझं तू बघ."

पान बदलेल. 'एकमेव' जाईल, 'शोध' जाईल. ते सोपं होतं, सोमवारी एक फोन. मला तळघराची भीती वाटत होती. मिसेस पोलच्या चष्म्याची. आणि बाबी विचारेल याची, की मग तू चाळीस का म्हणालास?

मायलोने किल्ली काढली. "नोट तिच्या हातात देशील?"

"देईन."

"आकडा मोठ्याने सांगशील?"

"सांगीन."

"आणि चाळीस का म्हणालास, ते?"

माझ्या मागून कुणाची तरी गाडी सुरू झाली, दिवे आमच्यावरून फिरले, गेले.

"तेही सांगीन," मी म्हणालो. "पेटीमागे बसून नाही. आर्डिथच्या रांगेत उभा राहीन, आणि माझा नंबर आला की सांगीन."